सहाच दिवे

आमची गाडी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि माझ्या मुलीपेक्षा अठरा वर्षांनी मोठी. एका अर्थी घरातलं मधलं मूल. आणि मधल्या मुलाचं होतं तेच तिचंही झालं. आजारी पडल्याशिवाय तिच्याकडे कुणी ढुंकून पाहायचं नाही. बाबा सोडून.

बाबा मोटार मेकॅनिक. ‘होते’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. “डॉक्टर घरी बसला म्हणून लगेच पेशंट होतो का?” असं विचारतात. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं, आणि डॅशबोर्डवरचा दिवा कुठल्या दुखण्याने लागलाय हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीच्यांनी हात टेकले की गाडी आमच्या दारात यायची. बाबा बॉनेट उघडायच्या आधी मालकाला विचारायचे, “वळणावर लागतो की चढावर? सकाळी की गाडी तापल्यावर? एकसारखा की डोळे मिचकावत?” मालक सांगत असतानाच त्यांचं अर्धं निदान झालेलं असायचं.

त्यांची एक रीत होती. चावी अर्धी फिरवायची आणि थांबायचं. इंजिन सुरू करायचं नाही. त्या वेळी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात, आम्ही आहोत, जिवंत आहोत, एवढंच सांगायला. मग इंजिन सुरू झालं की एकेक विझतो. याला बाबा हजेरी म्हणायचे. “लागलेल्या दिव्याला घाबरायचं नाही, तो बोलतोय तुझ्याशी. हजेरीला जो लागतच नाही ना, त्याला घाबर.” मी शाळेत होते तेव्हा जुन्या गाड्यांचा एक दलाल त्यांच्याकडे गाडी दाखवायला घेऊन आला होता. हजेरीत एक दिवा कमी. बाबांनी मीटर खोललं, तर आत बल्बच नाही. इंजिनाचं दुखणं गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून काढून ठेवलेला. बाबांनी त्याला पायरीवरूनच परत लावला. “आजाऱ्याचं तोंड दाबायचं आणि वर त्याला धडधाकट म्हणून विकायचं,” ते दिवसभर पुटपुटत होते. जेवलेसुद्धा नाहीत नीट.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. गॅरेज त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने घेतलं. त्याला सगळे दहानंबर म्हणतात, कारण शिकाऊ होता तेव्हा दहा नंबरचा पाना रोज हरवायचा. आज तो चार माणसांचा मालक आहे, केस पिकलेत, तरी पाना हरवायचा थांबलेला नाही, आणि बाबांना तो अजून उस्तादच म्हणतो. गॅरेज त्याला दिलं, पण गाडी बाबांनी बरोबर आणली. गुडघे गेले होते. चार घरं चालून गेले तरी वाटेत कुणाच्या तरी कठड्यावर टेकायला लागायचं. गाडीत मात्र ते पूर्वीचे बाबा असायचे.

आमचं सकाळचं असं होतं. नवरा पहाटेच कारखान्यात जायचा. पावणेनऊला बाबा, मी आणि भिंगरी गाडीत. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आधी तिला बालवाडीत सोडायचं, मग मला चष्म्याच्या दुकानात. दुपारी साडेबाराला बाबा एकटे जाऊन तिला घेऊन यायचे. येण्याजाण्याचा मिळून अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासासाठी ते अकरा वाजल्यापासून तयार असायचे. दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, हातात काच पुसायचं फडकं. मी एकदा सुट्टीच्या दिवशी घरी होते आणि म्हटलं, बसा, आज मी आणते तिला. तर असे पाहायला लागले, जणू मी त्यांच्या ताटातला घास उचलला होता.

हजेरी आता भिंगरी घ्यायची. मागच्या सीटवर मधोमध तिची खुर्ची. पट्टा बांधायच्या आधी ती उभी राहायची, पुढच्या दोन सीटच्या फटीतून मान घालायची आणि बाबांनी चावी फिरवली की मोजायची. दिव्यांना तिने नावं ठेवली होती. तेलाच्या दिव्यावर तेल घालायच्या भांड्याचं चित्र असतं, ती झारी. बॅटरीचा डबा. ब्रेकची काठी. इंजिनाचं चित्र तिला कासवासारखं वाटायचं. पट्टा बांधलेला माणूस म्हणजे काका. गाडी तापल्याचा दिवा म्हणजे होडी, आणि पेट्रोलचा पंप. एकूण सात.

“किती आले?” बाबा विचारायचे.

“सात. सगळे आले.”

“कुणी दांडी मारली नाही ना?”

“नाही. चल आता, झोपव त्यांना.”

मग बाबा चावी पुढे फिरवायचे, इंजिन सुरू व्हायचं, आणि सातही जण झोपी जायचे.

मी दुकानात डोळे तपासते. लोक हनुवटी टेकवून बसतात, समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचतात, मी भिंगं बदलत जाते. हे की हे? आता की मघाशी? दिवसाला वीस माणसं. बाबा एकदाही आले नाहीत. वर्तमानपत्र तिरकं धरून वाचायला लागले होते, बशीतला शेवटचा तुकडा राहून जायचा, शर्टाचं बटण एक घर चुकायचं. मी म्हटलं, “बाबा, या ना एकदा.” तर म्हणाले, “तुझ्या त्या मशीनवर हनुवटी टेकवून बसायला मी काय न्हाव्याकडे आलोय?” मी हसले. वय झालं की होतंच, म्हटलं मनात. परक्या माणसाला मी असं कधीच म्हणाले नसते.

पुढे जे झालं, त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. दोन महिने आधी कासव लागलं होतं. आठवडाभर गाडी सिग्नलला बंद पडायची. मला तिसऱ्यांदा उशीर झाला आणि दुकानाच्या मालकिणीने सगळ्यांसमोर सुनावलं. एका वायरचं टोक सडलं होतं, बाबांनी ते शोधलंही, पण शोधायला सहा दिवस लागले. पूर्वी त्यांना सहा मिनिटं लागली नसती. त्या संध्याकाळी मी तापलेली होते. बाबा भिंगरीच्या खेळण्यातल्या बसचं चाक बसवत होते. मी म्हटलं, “आणखी एक दिवा लागला तर ही गाडी दहानंबरला देऊन टाकायची. भिंगरीला बालवाडीची व्हॅन लावू. सगळ्यांचीच मुलं जातात.”

बाबा चाकाकडे बघत होते. “बरं,” म्हणाले.

एवढंच. माझा राग चहा होईपर्यंत उतरला. बोललेलं मी विसरूनही गेले.

मग एका रविवारी बाबांनी गाडीचं तेल बदललं. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. गाडीखाली सतरंजी टाकून आडवे झाले, भिंगरी बाजूला फडकी घेऊन उकिडवी. तेलाबरोबर तेलाचा फिल्टरही बदलायचा असतो, डब्यासारखा, फिरवून घट्ट बसतो, आणि त्याच्या तोंडावर एक रबरी कडं असतं. जुना फिल्टर निघतो, पण कधी कधी त्याचं कडं इंजिनाला चिकटून मागे राहतं. म्हणून नवा लावायच्या आधी त्या जागेवर बोट फिरवून बघायचं. “बोट फिरवलंस का?” ही गॅरेजमधली बाबांची आरोळी होती. पोरं एकमेकांना जेवायला बसतानाही म्हणायची, बोट फिरवलंस का. एवढ्याशा रबराने अख्खं इंजिन जातं असं बाबा सांगायचे. एक कडं तेल धरतं, दोन कडी सोडतात.

त्या रविवारी टॉर्च मी धरला होता. दुसऱ्या हातात फोन होता, आणि नणंदेशी बोलणं चाललं होतं. उजेड कुठे पडतोय हे मी पाहिलं नाही. बाबाही काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, त्यांना दिसतंय.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी मी गाडीच्या दारात उभी राहून भिंगरीचा बूट बांधत होते, ती गाडीत एका पायावर उभी, मान फटीत घातलेली. चावी फिरली.

“सहा,” भिंगरी म्हणाली.

“सात गं. नीट मोज.”

“एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पण—”

“सात असतात बाळा. पाय दे दुसरा. उशीर होतोय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आजोबांच्या मानेकडे बघितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. एरवी ते म्हणाले असते, दांडी कुणी मारली बघ. त्यांनी इंजिन सुरू केलं.

मंगळवारी भिंगरी म्हणाली, “सात.” बुधवारीही सात. मी म्हटलं, “शाब्बास.”

गुरुवारी दुपारी एक आजीबाई माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि चौथ्या ओळीवर अडल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. वाहतूक पोलीस बोलत होते. “घाबरू नका ताई, दोघंही ठीक आहेत,” असं त्यांनी आधी सांगितलं, आणि ते ऐकून मी आजीबाईंना तशाच खुर्चीवर सोडून निघाले.

उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी मधल्या रांगेत थांबली होती. मागून आलेल्या ट्रकने दाबलेल्या ब्रेकचे काळे पट्टे रस्त्यावर होते, आणि ते आमच्या गाडीपासून हातभरावर संपत होते. त्या अंतराकडे मी दोनदा पाहिलं. नंतर पाहवेना. गाडीच्या मागे रस्त्यावर तेलाची लांब काळी रेघ, वर पुलापर्यंत गेलेली. कडेला कठड्यावर बाबा बसले होते, मांडीवर भिंगरीचं दप्तर. भिंगरी पोलिसांनी दिलेलं बिस्किट खात होती.

“आई, गाडी खर्र झाली,” तिने सांगितलं. “आणि ट्रक केवढ्यांदा ओरडला.”

मी तिला उचललं. तिच्या केसांना ऊन आणि बिस्किटाचा वास येत होता.

“एकाएकी जाम झालं,” बाबा म्हणाले.

“दिवा नाही लागला?”

“नाही.”

बाबा खोटं बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गॅरेजमध्ये गेले. दहानंबरने गाडी वर उचलून ठेवली होती. मला बघून त्याने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

“इंजिन गेलं ताई. आत सगळं खरवडलंय. ह्या वयाच्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हणजे…” त्याने वाक्य सोडून दिलं.

“कशाने गेलं?”

त्याने पोरांना चहा आणायला पिटाळलं. मग कपाटावरून एक वाटी काढली. वाटीत दोन रबरी कडी होती, एकमेकांना चिकटून चपटी झालेली, एक काठाला फाटलेलं.

“एकावर एक,” तो हळू बोलला. “जुनं निघालंच नव्हतं. थोडं थोडं गळत राहिलं असणार, आणि पुलाच्या चढावर जोर पडला तेव्हा फाटलं. मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर.”

मी ती वाटी घेतली. कडी गुळगुळीत होती, अगदी हलकी.

“ताई, हे मी एकदा केलं होतं. शिकाऊ असताना. उस्तादांनी ते कडं दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातलं. आठ दिवस. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायला लावायचे, ओळखलंत का ह्या दागिन्याला?” तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं. “उस्तादांना सांगू नका. मी फोनवर सांगितलंय, तेलाचा पंप गेला. जुनी गाडी, जातो पंप.”

“बरं.”

“पण एक मला कळलं नाही.” त्याने मीटर खोलून बाकावर ठेवलं होतं. मागून बल्बांच्या खाचा दिसत होत्या, सात. एक रिकामी. “तेल उतरलं की दिवा लागतोच. उस्ताद लगेच गाडी बंद करतात. इंजिन वाचलं असतं. हा बल्ब कुठे गेला? आपोआप पडत नाही हा. पाव वळसा फिरवून काढावा लागतो.”

मला भिंगरीचं ‘पण’ ऐकू आलं. सोमवारचं, बूट बांधतानाचं.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. दहानंबर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ते मीटर पालथं घालून ठेवलं, चित्रं खाली.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट. घड्याळात साडेअकरा. भिंगरी त्या दिवशी बालवाडीत गेलीच नव्हती, आत झोपली होती.

मी चहा केला, दोन कप. समोर बसले. काय विचारायचं ते ठरवून आले होते, पण आधी बाबांनीच खिशात हात घातला. चष्म्याच्या डबीतून त्यांनी तो बल्ब काढला आणि टेबलावर ठेवला. शेंगदाण्याएवढा. तो घरंगळायला लागला, तर दोघांनीही एकदम हात पुढे केले.

“सापडत नव्हतं,” बाबा म्हणाले.

मी त्यांचा कप पुढे सरकवला.

“शुक्रवारी दुपारी वळणावर भिंगरी म्हणाली, आजोबा, झारी आली. मला नुसतं लाल दिसलं. कुठला ते तिने सांगितलं. घरी येऊन तेल बघितलं, तर उतरलेलं. घातलं. शनिवारी पुन्हा उतरलेलं. म्हणजे गळतंय. खाली जाऊन बघितलं. वरची जोडणी बघितली, खालचा बोल्ट बघितला, हात फिरवून फिरवून बघितलं. सगळीकडे तेलच तेल, पण येतंय कुठून ते दिसेना.”

“मला सांगायचं बाबा.”

“तू म्हणाली होतीस ना, आणखी एक दिवा लागला तर.”

बाबांनी ते तक्रारीसारखं म्हटलं नाही. नुसतं आठवण करून दिल्यासारखं.

“चार दिवस दे, म्हटलं गाडीला. रोज सकाळी तेल बघेन, कमी झालं तर घालेन. मग शोधेनच. पण ही पोरगी तुझ्यासमोर बोलली असती, झारी आली म्हणून. तिला खोटं बोल असं कसं सांगायचं? म्हणून रविवारी काढला.” त्यांनी कप उचलला आणि तसाच ठेवला. “तिने तरी सहा म्हणून सांगितलंच.”

“हो. मीच गप्प केलं तिला.”

आतून भिंगरीने कूस बदलल्याचा आवाज आला. आम्ही दोघं ती पुन्हा शांत होईपर्यंत थांबलो. मला सगळं उलट्या क्रमाने दिसायला लागलं होतं. वर्तमानपत्र तिरकं. बटणाचं चुकलेलं घर. आणि रोजचं ते “किती आले?” मला तो खेळ वाटायचा, नातीशी. त्यांना तिच्याकडून कळून घ्यायचं असायचं. पुढे बसलेल्या माणसाला दिवे दिसत नव्हते, आणि मागची साडेतीन वर्षांची मुलगी ते मोजून सांगत होती, आणि मी रोज त्या गाडीत बसत होते.

“बाबा, कधीपासून दिसत नाही?”

“दिसतं. कडेकडेचं सगळं दिसतं. मधलंच जरा धुरकटतं. बालवाडीचा रस्ता मला पाठ आहे.” ते थांबले. “ट्रक मला दिसला नव्हता. आवाज आला.”

मला ओरडायचं होतं, आणि त्यांचा हातही धरायचा होता. दोन्ही राहिलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “पंप गेला म्हणतोय तो.”

“हो. जुना झाला होता म्हणे.”

“पंप असा एकाएकी जात नाही. आधी आवाज करतो.”

“मला त्यातलं काय कळतंय.”

बाबांनी मान हलवली. मग त्यांचं बोट कपाच्या काठावरून फिरायला लागलं. हळू, एक पूर्ण फेरा, जिथून सुरू केलं तिथपर्यंत. मग आणखी एक. माझी पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये कागदात गुंडाळलेली ती दोन कडी होती. मी पर्सवर हात ठेवून बसले. बाबांचं बोट काठावर एका जागी थांबलं.

“त्याला म्हणावं, बरोबर सांगितलंस,” ते म्हणाले. “पंपच असेल.”

चहा दोघांचाही तसाच राहिला.

सोमवारी ते माझ्या दुकानात आले. मी सांगितलं नव्हतं, आपणहून आले, रिक्षाने. हनुवटी टेकवली. मी उजवा डोळा झाकला आणि भिंगं बदलत गेले. हे की हे? आता की मघाशी? कुठल्याच भिंगाने फरक पडेना. पहिल्या ओळीतलं एकच मोठं अक्षर, आणि तेही मान तिरकी केली तर. नंबराचं हे दुखणं नव्हतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं होतं, आणि ते चष्म्याने भागत नाही हे मला पहिल्या दोन मिनिटांत कळलं होतं. तरी मी सगळी भिंगं घालून पाहिली, डबा संपेपर्यंत.

“पुढची ओळ?” मी विचारलं.

“पुढची ओळ आहे होय?” बाबा म्हणाले.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. परक्या माणसांना समजावते तसं सगळं समजावलं. शेवटचं वाक्य राहिलं होतं, तेही आम्ही प्रत्येकाला सांगतो. बाबांनी माझी सुटका केली. “गाडी चालवायची नाही. कळलं मला. लिही ते पण, गाडी चालवणं का सोडलं ते दहानंबरला दाखवायला होईल.”

व्हॅन त्याच आठवड्यात लागली. पहिल्या दिवशी भिंगरी पायरी चढली आणि तिथूनच चालकाला म्हणाली, “काका, हजेरी घ्यायची ना?” त्यांनी दाखवण्यासाठी यादी काढली, मुलांच्या नावांची. ती माझ्याकडे वळून बघत राहिली, तेवढ्यात दार सरकलं. वर खिडकीत बाबा होते. अकरा वाजले की अजूनही ते दाढी करतात.

गाडी भंगारवाल्याकडे जायची होती त्या शनिवारी आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो. दहानंबरने मीटर जागेवर ठेवलं होतं, नुसतं ठेवलेलं, स्क्रू न लावता. बाबांना काय हवंय हे त्याला न सांगता कळलं होतं. बाबा गाडीत बसले, मीटर पुढे ओढलं आणि मागच्या खाचा बोटांनी चाचपल्या. खिशातून बल्ब काढला. पहिल्यांदा निसटून पायाशी पडला. दहानंबर वाकायला गेला, तर मी त्याच्या हाताला धरून थांबवलं. बाबांनी पायाशी हात फिरवून तो शोधला. बसवला. पाव वळसा.

भिंगरी मागच्या सीटवर चढली, फटीतून मान घातली.

बाबांनी चावी अर्धी फिरवली.

“किती आले?”

ती मोजायला लागली. या वेळी बोट लावून, एकेक, सावकाश. मग तिने माझ्याकडे बघितलं. बरोबर सांगायचं की मला हवं ते, असं. मी काही बोलले नाही.

“सात,” ती म्हणाली. “झारी पण आली.”

“कुणी दांडी मारली नाही ना?”

“नाही.”

होडी आणि पंप थोड्या वेळाने आपोआप विझले. बाकीचे पाच तसेच राहिले. गॅरेजमध्ये हवा भरायचं मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं.

“आजोबा, दोघंच झोपले. बाकीच्यांना पण झोपव ना.”

बाबांनी चावी पुढे फिरवली नाही. डॅशबोर्डकडे मान तिरकी करून ते बघत होते, जिथून कडेचं दिसतं तिथून. पाच दिव्यांचा लाल-पिवळा उजेड त्यांच्या बोटांवर पडला होता.

“आज जागू दे त्यांना थोडा वेळ,” ते म्हणाले.

भिंगरी फटीत मान घालून थांबली. तिला रोजचा आवाज ऐकायचा होता, इंजिनाचा. तो येईना, तेव्हा तिने बाबांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि तीही बघत राहिली. मग बाबांनी चावी मागे फिरवली, काढली, आणि सवयीने खिशाकडे नेली. खिशापाशी हात थांबला. खिडकीतून त्यांनी दहानंबरच्या दिशेने ती पुढे केली, जरा चुकीच्या बाजूला. दहानंबर दोन पावलं सरकून तिथे जाऊन उभा राहिला.